बाहेरचे आणणारा गृहस्थ

लिनक्स वापरणाऱ्यांत एक वर्ग असा आढळतो, जो डेबियन ही संगणकप्रणाली तिच्या स्थैर्याची कीर्ती ऐकून निवडतो आणि पुढे तेच स्थैर्य घालवण्यासाठी रात्री जागवतो. १९९३ साली इयान मर्डॉक याने आरंभलेल्या या प्रकल्पाचे एक अधिकृत भांडार असते, ज्याला रिपॉझिटरी किंवा लाडाने 'रेपो' म्हणतात. त्यात सॉफ्टवेअरची पॅकेजे एकमेकांशी जुळवून, तपासून ठेवलेली असतात, आणि एपीटी नावाचा कोठीवाला मागितलेले पॅकेज त्याच्या अवलंबित्वांसह, म्हणजे त्याला चालण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजांसह, बिनबोभाट आणून देतो. २०२३ साली निघालेल्या बाराव्या आवृत्तीत अशी ६४,००० हून अधिक पॅकेजे होती. या वर्गातल्या गृहस्थाला हवे असते ते त्यांत नसलेले एक.

खरे तर तेही बहुधा असतेच, फक्त दशांशचिन्हापुढचा आकडा एकाने कमी असतो. कारण स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते आणि मधल्या काळात सुरक्षेच्या व गंभीर चुकांच्या दुरुस्त्यांपलीकडे तिच्यात फारसे काही बदलू दिले जात नाही. त्या वाढीव आकड्याने नेमके काय साधते, हे विचारणे असभ्यपणाचे ठरते. नवी पॅकेजे स्थिर प्रणालीसाठी मुद्दाम बांधून देणारे 'बॅकपोर्ट्स' नावाचे दालन डेबियननेच उघडले आहे, पण ते पडले घरचे. आणि गाडीवरच्या भेळेची चव घरच्या भेळेला येत नाही, ही समजूत संगणकाहून जुनी आहे.

मग तो उबुंटूसाठी बांधलेला पीपीए, म्हणजे कुणा एकाचा खासगी पॅकेजसंग्रह, डेबियनला जोडतो. दोन्ही प्रणाली एकाच कुळातल्या असल्या तरी चुलतभावाचा सदरा अंगाला बसतोच असे नाही. संग्रहाची सत्यता पटवणारी डिजिटल किल्ली तो त्याच संकेतस्थळावरून उतरवतो, जे वराच्या वर्तणुकीचा दाखला वरपित्याकडूनच घेण्यासारखे आहे. त्याहून धाडसी प्रकार म्हणजे 'करल' या साधनाने इंटरनेटवरून ओढून आणलेली आज्ञावली न वाचताच 'सुडो'च्या जोरावर, म्हणजे सर्वाधिकार देऊन, थेट चालवणे. कुरिअरवाल्याला ओटीपी सांगण्यापूर्वी तीनदा विचार करणारा हाच मनुष्य येथे अनोळखी पाहुण्याच्या हाती तिजोरी सोपवून चहा टाकायला आत जातो.

अशा सरमिसळीला डेबियनच्या मंडळींनी 'फ्रँकनडेबियन' असे नाव ठेवले आहे. तेथील आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालिकेतील पात्रांची नावे देतात, आणि कायम अस्थिर राहणाऱ्या शाखेला त्यातल्या खेळणी मोडणाऱ्या सिडचे नाव आहे. या गृहस्थाच्या यंत्रात तो सिड पोटभाडेकरू म्हणून शिरलेला असतोच. यथावकाश त्याच्या एखाद्या पॅकेजाला नवी सी-लायब्ररी लागते, जिच्यावर जवळपास सारी प्रणाली उभी असते, आणि गुंता वाढत जाऊन अत्यावश्यक पॅकेजेच काढण्याची पाळी आली, तर 'एपीटी-गेट' हा कार्यक्रम 'होय, मी सांगतो तसे कर' या अर्थाचे इंग्रजी वाक्य अक्षरशः टंकून घेतो. गृहस्थ ते टंकतो. स्पेलिंग चुकत नाही.

याच गृहस्थाने आईसाठी सिद्ध करून दिलेला लॅपटॉप मात्र निव्वळ अधिकृत भांडारावर वर्षानुवर्षे चालतो, त्यात बाहेरचे काही घालायचे नाही अशी सक्त ताकीद त्यानेच दिलेली असते, आणि स्वतःच्या यंत्राचा पडदा काळा पडला की दुरुस्तीचे उपाय तो त्याच लॅपटॉपवर शोधत बसतो.