बॉनेटवाले सर

अनसिंगमध्ये रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलेली गाडी दिसली, की माणसं थांबतात. गाव वाशिम-पुसद रस्त्यावरचं, येणारं-जाणारं वाहन कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचं निघतंच. थांबणारा आधी ‘काय झालं बाप्पा?’ असं विचारतो, मग न विचारता बॅटरीची वायर हलवून पाहतो आणि शेवटी त्याच्या साळ्याच्या ओळखीतल्या मेकॅनिकला फोन लावतो. सरांच्या दारात मात्र असं कुणी थांबत नाही. तिथलं बॉनेट दर रविवारी उघडतं आणि गाडीला काही झालेलं नसतं.

सर म्हणजे कुणी एक माणूस समजू नका. ही जात आहे. कुठं ती बँकेत रोखपाल असते, कुठं ग्रामसेवक, कुठं कृषी सेवा केंद्राची मालक. आमच्याकडची जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, एवढंच. खुणा सगळीकडे सारख्या : गाडी जपून वापरलेली, घराबाहेर क्वचित निघालेली, आणि मालकाच्या बनियनवर काळ्या ग्रीसचा एक डाग, जो तो मुद्दाम धुऊ देत नाही.

सरांची गाडी २०१२ ची. पेट्रोल, ९९८ सीसी, तीन सिलिंडर. हे आकडे सर विचारायच्या आधी सांगतात. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला, तेव्हा त्याच्या वाट्याला काय काय आलं याची यादी सरांना विचारली तर पहिलं नाव एमएच ३७ या पाटीचं येईल. बाकी विकास नंतर.

इंजिन धुणं हा दिवसभराचा विधी आहे आणि त्याची सुरुवात १० नंबरचा पाना हरवण्यापासून होते. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडावी लागते, तिचा नट १० चा, आणि पान्यांच्या डब्यात ८ चा असतो, १२ चा असतो, १४ चे दोन असतात. १० चा मिळेस्तोवर घरातला प्रत्येक जण चोर ठरलेला असतो. तो शेवटी सरांच्याच खिशात सापडतो. तार सुटली की गाडीतलं घड्याळ पुसलं जातं आणि पुन्हा जोडल्यावर बारापासून सुरू होतं. ते लावायचं कसं हे माहितीपुस्तकात आहे आणि माहितीपुस्तक कपाटात कुलूपबंद आहे, खराब होऊ नये म्हणून. त्यामुळं सरांच्या गाडीचे दर रविवारी बारा वाजतात. हे गल्लीतले लोक म्हणतात, मी नाही.

मग पिशव्या. अल्टरनेटरला एक, फ्यूजबॉक्सला एक, हवा ओढायच्या तोंडाला एक. किराण्याच्या, कापडाच्या दुकानाच्या, एक तर लग्नाच्या आहेराची. इंजिन थंड झालंय का हे सर तळहात टेकवून पाहतात, कारण तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर तडा जायची भीती. पूर्वी सर रॉकेलनं पुसायचे. नंतर कळलं, की रॉकेल पेट घेतं, आणि डिझेलनं पुसलं तर रबराच्या नळ्या फुगतात, वर धूळही दुप्पट चिकटते. तेव्हापासून डिग्रीझरची बाटली, रंगाचा जुना ब्रश आणि वहिनींचा दातांचा ब्रश. जुना, असं सर म्हणतात. वहिनींचं म्हणणं वेगळं आहे.

पाण्याचा प्रश्न सरांनी फार हुशारीनं सोडवला. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं पाणी वायरींच्या जोडात घुसतं हे त्यांना पटलेलं. म्हणून त्यांनी पाठीवरचा फवारणी पंप घेतला, नवा कोरा, तणनाशकाचा थेंब न लागलेला. बारीक नोझल, हलका दाब, दोन बादल्यांत काम. खरं सांगायचं तर याहून चांगलं साधन या कामाला मिळणार नाही. पण सर पंप पाठीवर टाकून गाडीपुढं उभे राहिले, तेव्हा शेताकडे निघालेला शेजारी सायकलवरून उतरला.

“काय मारून राह्यले सर?”

“डिग्रीझर.”

“चक्रीभुंग्यावर चालते का?”

सरांनी उत्तर दिलं नाही. पण त्या हंगामात दोघा-तिघांनी कृषी केंद्रात डिग्रीझर मागितलं, असं ऐकलं.

सरांचे वडील शेतकरी होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून ते मळायचे आणि कानात म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. बॅटरीच्या टोकावरची पांढरी-हिरवी भुकटी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुऊन, कोरडी करून, त्यावर दोन बोटांनी पेट्रोलियम जेली लावताना सरांचा चेहरा पाहिला, की बैल गेले तरी घराण्यातली खांदेमळण सुटलेली नाही हे कळतं. फरक एवढाच, की पोळा झाला की बैल कामाला लागायचे.

सगळंच वेड आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी झाली आणि थ्रेशर सुरू झाले, की कुटार हवेत उडतं आणि गाडीच्या नाकातून थेट रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतं. जाळी बुजली की हवा आत जात नाही आणि इंजिन तापतं. पुढच्या काचेच्या खाली पानगळ साचली की पावसाचं पाणी निघायची वाट बंद होते आणि ते पायाशी येतं. ऑक्टोबरात कुटार काढणारा माणूस शहाणा. प्रश्न उरलेल्या अकरा महिन्यांचा आहे.

उंदरांचं प्रकरण जरा नाजूक. हिवाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. त्यावर सगळ्या वऱ्हाडात चालणारा उपाय म्हणजे तंबाखू. आता सरांकडे शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ द्यायचं काम आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये हा कायदा २००३ चा, तो पोरांना तेच समजावतात. म्हणून ते संध्याकाळी अंधार पडल्यावर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या टपरीवर जातात आणि गायछापची पुडी मागतात. टपरीवाल्यानं पाहिलं तर म्हणतात, “उंदरासाठी.” टपरीवाला म्हणतो, “हाव सर, सगळ्यायचे उंदीरच खातात.” डांबरगोळ्या वापरून पाहिल्या होत्या. एसी लावला की गाडीत आजोळच्या ट्रंकेचा वास यायचा.

वहिनींची तक्रार मात्र तर्काला धरून आहे. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा गेल्या दिवाळीपासून तेलानं माखलेला आहे. “काहो, त्या पंख्याले कधी ब्रश लावला का?” सर म्हणतात, तो आपला विभाग नाही. गाडीचा आतला भागही त्यांच्या विभागात येत नाही. मागच्या सीटखाली शेंगांची टरफलं आहेत, चिक्कीचे कागद आहेत, पोहरादेवीच्या जत्रेतला एक फुगा आहे. कुटुंब बसतं तिथं कचरा आणि कुणीच बसत नाही तिथं आरसा, ही व्यवस्था कुणाला खटकत नाही, कारण सोयरे आले की सर त्यांना गाडीत बसवतच नाहीत. बॉनेट दाखवतात. चहा नंतर. दसऱ्याला सगळं गाव गाड्या धुऊन झेंडूचा हार घालतं. सरांकडे हळदी-कुंकू एअर फिल्टरच्या डब्यावर वाहतात, तेही खाली कागद ठेवून, कारण हळदीचा डाग प्लास्टिकवरून निघत नाही.

एकदा पाणी प्लगच्या खोबणीत उतरलं. गाडी सुरू झाली, पण तीनातले दोनच सिलिंडर चालू. गाडी थरथरायला लागली, पिवळा दिवा लागला. मेकॅनिकनं कॉइल काढून हवा मारली, प्लग पुसले आणि म्हणाला, “मिसिंग होतं सर. धुळीनं इंजिन बंद पडत नाई, पाण्यानं पडते.” सरांनी त्याचे पैसे दिले, आणि त्याच्या हाताचा काळा ठसा बॉनेटच्या आतल्या बाजूला राहिला होता, तो तिथंच पुसून घेतला.

आता सरांना मोठी गाडी घ्यायची आहे आणि ही विकायची आहे. पहिलं गिऱ्हाईक मेकॅनिक घेऊन आलं. सरांनी बॉनेट उघडलं. आत स्टीलच्या दुकानासारखी चमक. मेकॅनिक बराच वेळ पाहत राहिला, मग गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन म्हणाला, “घेऊ नका. एवढं इंजिन धुतलं म्हणजे कुठून तरी ऑइल गळून राह्यलं.” आणि जुन्या गाड्यांच्या धंद्यात तो चूक नाही. कोरडी, सारखी बसलेली धूळ प्रामाणिक असते. गळती असली तर तिच्यात ओला काळा ओघळ दिसतो. धुतलेल्या इंजिनात काहीच दिसत नाही. सरांनी मोबाइलमधले प्रत्येक रविवारचे फोटो दाखवले. त्यानं संशय वाढला. इतके फोटो कोण काढतं?

दुसरं आलं, तिसरं आलं. सगळ्यांनी तेच म्हटलं. मेकॅनिकनं सुचवलं, की महिनाभर हात लावू नका, थोडी धूळ बसू द्या, गाडी आपोआप विकेल. सरांनी एक रविवार कसाबसा काढला. सोमवारी शाळेतून आल्यावर पंप पाठीवर.

तर गाडी विकायची आहे. एमएच ३७, २०१२, पेट्रोल, एकहाती वापर, ऑइलचा थेंब गळत नाही. भावात कमी-जास्त होईल. पाहायला याल तर इंजिनाला नावं ठेवू नका आणि मागच्या सीटखाली हात घालू नका.