आधी कुठलं?

आसिमोव्हची ‘फाउंडेशन’ ही विज्ञानकथांची मालिका कुठून वाचायला घ्यावी, हे नवख्या अलिबागकराने तरी विचारू नये. समोरचा ‘अलिबागसे आया है क्या’ म्हणाला, तर दाद मागायची सोय नाही. त्या वाक्यावर बंदी आणा ही याचिका हायकोर्टाने २०१९ मध्येच फेटाळलीय.

जाणकारांत तट आहेत. एक म्हणतो, कथेच्या काळानुसार वाच. म्हणजे १९८८ चं ‘प्रिल्यूड’ आधी, १९५१ चं ‘फाउंडेशन’ नंतर. मग शेवटी उलगडायचं ते सुरुवातीलाच फुटलं तरी चालेल! दुसऱ्याला आधी आसिमोव्हच्या यंत्रमानवांच्या गोष्टी हव्यात. खुद्द आसिमोव्हने ‘प्रिल्यूड’च्या आरंभी कालक्रमाची यादी छापली आणि भांडणाला कायमची रसद पुरवली.

माझं विचाराल तर सरळ १९५१ चं उचला. पाच गोष्टींचं आटोपशीर पुस्तक. पहिली सोडून बाकीच्या १९४२ ते ४४ मध्ये मासिकात आलेल्या. नाही रुचलं तर ठेवून द्या, कोणी जप्ती आणत नाही.

यादी तोंडपाठ असलेल्या एका काकांना विचारलं, ‘काका, तिसऱ्या पुस्तकाचा शेवट कसाय हो?’ त्यांना एकदम मांडव्याची बोट आठवली.