वाइनयात्रेचा शुभ मुहूर्त

नाशिकच्या वाइनयात्रेसाठी जानेवारी ते मार्च हाच उत्तम काळ, याबद्दल दुमत नसावे. तोडणी जोरात असते. द्राक्षे पायांनी तुडवता येतात, तीही पैसे मोजून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, कॅमेऱ्याकडे बघत. या कृषिशिक्षणाचा विस्तार व्हायलाच हवा. छाटणीच्या हंगामात कात्री भाड्याने, पाठदुखी मोफत. पाठीवर पंप घेऊन बोर्डो फवारायला जोडप्यांना खास सवलत. मार्चात गारपीट झालीच, तर प्रीमियम पॅकेज: पहाटे बागेत फुटलेले मणी पाहायचे, पंचनाम्याची वाट बघायची, दुपारी चेकआउट. चेकआउटची सोय फक्त पाहुण्यांसाठी. भर पावसाळ्यात वेलीवर द्राक्ष औषधालाही नसते. तेव्हा धुक्याचे फोटो काढावेत. निघण्यापूर्वी ड्राय डेची यादी तेवढी पाहून घ्या.