उगवण शून्य टक्के

नानांच्या हॉलमध्ये बसायचं तर आधी ऊन कुठपर्यंत आलंय ते बघावं लागतं. कारण ऊन जिथं असतं तिथं अंजीर असतं, आणि अंजीर असतं तिथं माणसाला बसायला जागा नसते. सकाळी ते पूर्वेच्या खिडकीशी असतं, चार वाजता पश्चिमेच्या गॅलरीच्या दाराशी आणि मधल्या वेळात वाटेत. अंजिराला दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागतं आणि घराचा नकाशा काढणाऱ्यानं ही साधी गोष्ट लक्षात घेतली नाही, अशी नानांची तक्रार आहे. तेव्हा घरात अंजीर नव्हतं, असं काकू म्हणतात. नानांच्या मते हा काही बचाव नव्हे.

कुंडी अठरा इंची. ती फिरवायला चौकट पाहिजे म्हणून नाना एमआयडीसीत गेले. जालन्यात सळई स्वस्त मिळते असं नाही, पण ओळखीत मिळते. चार बेअरिंगची चाकं लावलेली लोखंडी चौकट आली आणि तिच्यासोबत झाडाला आधार म्हणून बारा एमएमच्या सळईचा तुकडाही आला. झाडाचं खोड तेव्हा शिसपेन्सिलीएवढं होतं. उद्या भूकंप झाला तर घर पडेल, अंजीर उभं राहील.

आपल्या मातीत जे सुखानं येतं त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही आणि जे येत नाही ते घरात आणून त्याच्या पाया पडायचं, असा एक माणूस प्रत्येक गावात असतोच. भौगोलिक मानांकन जालन्याच्या मोसंबीला मिळालं २०१६ साली आणि पुरंदरच्या अंजिरालाही त्याच वर्षी. सरकारनं इतकी स्वच्छ वाटणी करून दिल्यावर जालन्याच्या माणसानं मोसंबी खाऊन गप्प बसावं की नाही? नानांच्या भावाची बदनापूरकडे मोसंबीची बाग आहे. तिथून आलेली पिशवी नाना न उघडता शेजारी देतात. आम्ही शेजारी असल्यामुळे या स्वभावाबद्दल फार वाईट बोलणं मला जमणार नाही.

अंजिराचं वेड त्यांना लागलं ते दिवे घाटात. पुण्याला मुलाकडे गेले असताना सासवडच्या वाटेवर एका पाटीवालीकडून त्यांनी ताजी अंजिरं घेतली. जागेवर चार खाल्ली, उरलेली जालन्याला आणली. पिकलेलं अंजीर दोन दिवससुद्धा धड टिकत नाही. घरी डबा उघडला तेव्हा आत जॅम होता. तो वास घेऊन नाना म्हणाले, "हे झाड आपल्या घरातच पाहिजे." छतावर का नाही, या प्रश्नाची उत्तरं त्यांनी पाठ केली आहेत. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, कुंडीतली मुळं उकडतात. पोपट आणि बुलबुल फळ पिकायची वाट बघत नाहीत. आणि शेजारची पोरं.

नानांची सगळी नोकरी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. बद्रीनारायण बारवाल्यांनी पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ साली महिको उभी केली, १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला आणि त्यांच्या मागोमाग जालना हे बियाण्यांचं गाव झालं. अशा गावात उगवण क्षमता हा शब्द लहान मुलालाही येतो. नानांनी तीसेक वर्षं ओल्या कागदावर बिया मांडल्या आणि कोंब मोजले. माणसंही ते तशीच मोजतात. पुतण्याला स्थळ आलं तेव्हा मुलीच्या घरच्यांबद्दल त्यांनी मत दिलं, "लॉट चांगला आहे."

तेव्हा सासवडहून आणलेल्या त्या जॅममधल्या बियाही त्यांनी सोडल्या नाहीत. सोयाबीनसाठी शेतकरी करतात तसं गोणपाट भिजवलं, शंभर बिया ओळीनं मांडल्या, गुंडाळी करून न्हाणीघरात ठेवली. एकही उगवली नाही. नाना खचले नाहीत, उलट खूश झाले. आपल्याकडच्या पुना अंजिराला परागीभवनाची गरज नसते, फळ तसंच धरतं आणि आतल्या बिया पोकळ राहतात. "एका फळात शेकड्यानं बी अन् उगवण शून्य टक्के! असा लॉट जन्मात पाहिला नव्हता," असं ते महिनाभर सांगत होते. मग रीतसर नर्सरीतून कलम आणलं.

कुंडीला टॅग आहे. बियाण्यात पैदासकार बियाण्याचा टॅग सोनेरी पिवळा, पायाभूतचा पांढरा, प्रमाणितचा निळा. मूळ झाडाला अर्थातच पिवळा. त्याच्या फांदीपासून केलेल्या रोपांना पांढरा. ती घरातच राहतात. त्यांच्यापासून झालेल्यांना निळा, ती वाटायची. मला निळं मिळालं. माझ्या मेहुण्यानं पांढऱ्यासाठी हट्ट धरला तर नाना गंभीर होऊन म्हणाले, "पांढरा टॅग भाईर जात नसतोय." निळं रोप देणं म्हणजे फक्त रोप देणं नव्हे. दर रविवारी नाना चप्पल घालून तपासणीला येतात, पान उलटून लाल कोळी बघतात, सांध्यात पिठ्या ढेकूण आहे का ते स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून बघतात आणि आपण चहा ठेवायला आत गेलो की कुंडी अर्धा फूट खिडकीकडे सरकवतात.

पाण्याचं प्रकरण निराळंच. जालन्यात नळाचा दिवस सणासारखा पाळतात. नाना बोअरचं पाणी झाडाला देत नाहीत, क्षारानं पानांच्या कडा जळतात म्हणून. फिल्टरमधून वाया जाणारं तर मुळीच नाही, त्यात क्षार आणखी जास्त. शेवटी त्यांना एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा शोध लागला. काकूंचं म्हणणं असं: "आमच्या माहेरची मानसं घामानं निथळायची तरी एसी लावत नव्हते. आता पानी पाहिजे म्हनून दुपारभर लावून ठेवतेत. अन् आम्ही गार हवेत बसलो तर म्हनतेत, दार लावा, झाडाला एसी सोसत नाही." अंजीर हॉलमध्ये घामाघूम, काकू आतल्या खोलीत गारठलेल्या आणि नाना बादली घेऊन नळीखाली. जावयाचीही इतकी बडदास्त त्या घरात कधी झालेली नाही. जावई स्वतः हे सांगतो.

डिसेंबरात झाडानं सगळी पानं टाकली. अंजीर थंडीत पानं गाळतंच, पण गल्लीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. लोक भेटायला येऊ लागले. आवाज खाली, चेहरे तसे. नाना प्रत्येकाला म्हणत, "झोपलंय ते," आणि पुरावा म्हणून नखानं खोडाची साल जरा खरवडून आतला हिरवा रंग दाखवत. चीक बोटाला लागून खाज सुटे, ती खाजवत पुढच्या माणसाला दाखवत. जानेवारी संपेतो खोडावर खरवडायला जागा उरली नव्हती.

अंबडहून थोरल्या आक्का आल्या त्या याच दिवसांत. आक्कांना झाड गेलं याचं दुःख नव्हतं, ते होतं कशाला हा त्यांचा प्रश्न होता. "वड, पिंपळ, उंबर देवळात असतेत. घरात लावतं का कुणी? मुळं भिंतीत जातेत." नानांनी कुळ समजावलं. फणस याच कुळातला, तुतीही याच कुळातली आणि आपल्या बाजार समितीत रेशीमकोषांचा बाजार भरतो तो तुतीच्याच जिवावर. आक्का शांतपणे म्हणाल्या, "मग फणस लाव की. भाजी तरी होईल."

नानांच्या व्याख्यानांतलं एक मात्र काकूंनी बंद पाडलं. अंजिराचं फूल फळाच्या आत दडलेलं असतं. तुर्कस्तानकडच्या स्मर्ना जातीत फळ धरायला एक इवलीशी माशी फळाच्या तोंडातून आत शिरते, शिरताना तिचे पंख गळतात आणि ती आतच मरते. शास्त्र पक्कं आहे. पण नानांनी ते दिवाळीत, पाहुण्यांपुढं सुक्या अंजिरांची बशी ठेवल्यावर सांगितलं.

मार्चात पानं आली. एप्रिलमध्ये पानाच्या बगलेत एक हिरवी गाठ दिसली आणि नानांचं बाहेर जाणं बंद झालं. बुलबुल हॉलमध्ये येत नाही हे मान्य करूनही फळाला मलमलची पिशवी बांधली. वहीत रोजचा घेर. फळ जांभळट झालं, मऊ झालं, त्यानं मान टाकली. अंजिरानं मान टाकली की तोडायचं असतं, पण नानांना आधी गोडी मोजायची होती. कडवंचीच्या द्राक्षवाल्यांकडे ब्रिक्स मोजायचं यंत्र असतं, ते आणायला ते सकाळीच निघाले. ओळखीचा शेतकरी बागेत होता, यंत्र पुतण्याकडे होतं, पुतण्या जालन्यात आला होता. दुपारी तीन वाजता नाना यंत्र घेऊन घरी पोचले.

पिशवी रिकामी होती. काकूंनी सरळ सांगितलं, "गळून खाली पडलं व्हतं. मुंग्या लागायच्या आत खाल्लं."

नाना खुर्चीत बसले. ऊन तेव्हा दाराशी होतं, कुंडी वाटेत. दोन्हींकडे त्यांचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी वही ओढली, पेन उघडलं आणि प्रयोगशाळेतल्या आवाजात विचारलं, "कसं होतं?"

"बरं होतं."

"गोड?"

"गोड होतं की. पन आपली मोसंबी बरी."

नानांनी तारीख टाकली, फळाचा घेर लिहिला आणि ब्रिक्सच्या रकान्यात बारीक अक्षरांत नोंद केली: मोसंबीपेक्षा कमी (तोंडी माहिती, नमुना नष्ट).