मापात पाप

सायकलच्या दुकानात हल्ली बजेट नंतर विचारतात. आधी विचारतात, "काका, तुम्ही चढावरचे की सपाटीवरचे?"

"सिंहगड रोडवरचा," मी म्हणालो.

मुलगा हसला, पण मी विनोद केलेला नव्हता. सिंहगड रोडवर राहणाऱ्या माणसाच्या नशिबी दोन्ही येतं. एकीकडे गोळेवाडीच्या नाक्यापासून सुरू होणारा आठ-नऊ किलोमीटरचा घाट, सहाशे मीटरच्या आसपास उंचावर नेऊन सोडणारा. दुसरीकडे हडपसर ओलांडलं की यवत-चौफुल्यापर्यंत आडवा पडलेला सोलापूर रस्ता. त्यावर चढ म्हणजे उड्डाणपूल. मला दोन्हीकडे जायचं होतं, एकाच सायकलवर, आणि घरात वाद न होता.

मुलगा गुणी होता. त्याने सांगितलं की रोड बाइकच्या मुख्य जाती तीन. घाटासाठी हलकी, तिच्या नळ्या बारीक. सपाटीसाठी 'एअरो', तिच्या नळ्या वारा कापायला चपट्या केलेल्या. समोरून बघितलं तर सायकल दिसतच नाही, बाजूने बघितलं तर किंमत दिसते. आणि तिसरी 'एन्ड्युरन्स', म्हणजे लांब पल्ल्याची. हिचं हँडल जरा वर, जरा जवळ, टायर जाड. तिसरीबद्दल बोलताना त्याने माझ्या पोटाकडे बघितलं नाही. इतक्या निश्चयाने बघितलं नाही, की माझ्या लक्षात आलं.

लाख-सव्वा लाखाला या धंद्यात 'मध्यम' म्हणतात. माझ्या कमाईला आजवर कुणी एवढ्या सन्मानाने मध्यम म्हटलेलं नाही, तेव्हा मी तो शब्द निमूटपणे स्वीकारला. गोंधळ पुढे होता. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलशेजारी कार्बनची उभी होती. मुलाने दोन्ही आळीपाळीने माझ्या हातात दिल्या आणि विजयी मुद्रेने विचारलं, "कळला फरक?" कळला. साठ हजारांनी महाग सायकल एक किलोने हलकी होती.

आमच्या घरात वजनकाट्याला फार मान आहे. आई भाजीवाल्याची तागडी उलटीपालटी करून तपासत असे, वडील रेशनच्या दुकानात साखर पुन्हा तोलून घेत. वजनात मारणाऱ्याशी भांडायचं, हा आमचा कुळाचार. आणि इथे वजनात मारणारा दुकानदार त्याचेच जादा पैसे मागत होता, आणि गिऱ्हाईक खूश होऊन ते देत होतं.

कर्जमंजुरीचे अधिकार आमच्याकडे बायकोला आहेत. बँकेत ती आयुष्यभर तेच करत आली. निवृत्तीनंतर तिच्यापुढे येणारा मी एकटाच अर्जदार उरलोय.

"एक किलोला साठ हजार," ती म्हणाली. "म्हणजे ग्रॅमला साठ रुपये. आणि ते ग्रॅम घरी येणार नाहीत."

"अगं, चढावर वजनालाच महत्त्व असतं."

"किती?"

हा बँकेतला 'किती' होता. त्यामुळे मी कागद घेतला. मी ब्याऐंशी किलो, सायकल दहा. पाणी, पंप, ट्यूब, हेल्मेट मिळून दोन. हे चौऱ्याण्णव किलो गडावर न्यायचे. त्यातला एक गेला तर मेहनत टक्काभर कमी होते. घाटाला मला सव्वा तास लागतो, त्याचा एक टक्का म्हणजे पाऊण मिनिट.

"अहो, पाऊण मिनिट आधी पोहोचून करणार काय? तोवर पिठलं तरी झालेलं असतं का?"

गडावरच्या पिठल्याचं वेळापत्रक मला माहीत आहे. मी गप्प राहिलो. ती पुढे म्हणाली, "आणि एक किलोच कमी करायचाय ना? मग बाटल्यांत पाणी भरू नका. घरून पिऊन जा." पिऊन टाकलेलं पाणीही आपल्याबरोबरच घाट चढतं, हे मी तिला शास्त्रशुद्ध समजावलं. तिने माझ्याकडे वरपासून मध्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तोच तर मुद्दा आहे."

खरं तर हलकेपणाचं हे वेड इतकं वाढलं, की आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाला २००० साली नियम करावा लागला: शर्यतीच्या सायकलचं वजन ६.८ किलोंपेक्षा कमी असता कामा नये. आमच्या बजेटातली सायकल नऊ-दहा किलोंची, म्हणजे आम्ही कायद्याला तीन किलो राखून आहोत.

मग भाचा आला. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि कंपनीच्या वेळात सायकलींची माहिती गोळा करतो. तो एअरो पंथाचा. "मामा, वजनबिजन विसर. सपाटीवर सगळा खेळ वाऱ्याचा. या फ्रेमने वीस वॅट वाचतात," असं म्हणून त्याने फोनवर आलेख दाखवला. आलेख सुंदर होता. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, चाचणीचा वेग ताशी ४५ किलोमीटर.

ताशी ४५चा वेग मलाही मिळतो. घाट उतरताना. आणि तेव्हा माझी सगळी खटपट तो कमी करण्याची असते.

भाच्याचं तत्त्व मात्र खरं आहे. वाऱ्याशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी २५ वरून ३० वर जायचं तर वेग वीसच टक्क्यांनी वाढतो, पण वाऱ्यासाठी ताकद पावणेदोन पट लागते. म्हणूनच तर सपाटीवर पाचजण एकामागे एक लागून जातात आणि सगळ्यांत पुढच्याचे आभार मानतात. पण हा घन उलट्या दिशेनेही तितक्याच निर्दयपणे चालतो. ४५ला वाचणारे वीस वॅट, २५च्या वेगाला साडेतीनसुद्धा उरत नाहीत. तेवढ्यात आमच्या देवघरातला एलईडीचा दिवा लागतो. त्यासाठी वेगळी सायकल घ्यावी, असं घरात कुणाला वाटलं नसतं.

शिवाय समोरचा वारा जे काही अडवतो, त्यात सायकलचा हिस्सा चौथा-पाचवा. बाकी सगळं वर बसलेल्या गृहस्थांचं कर्तृत्व. चपटं व्हायचं असेल तर नळीने होऊन भागत नाही. हँडलच्या खालच्या बाकावर हात ठेवून अंग झुकवलं की वेग वाढतो, आणि याला एक पैसा लागत नाही. फक्त झुकता आलं पाहिजे. मी बुटाची नाडी बांधताना श्वास रोखून धरतो. शर्यतीच्या फ्रेमवर मला बसवलं तर मी दहाव्या मिनिटाला हात ताठ करून, मान वर काढून, पंचाच्या आविर्भावात बसणार; म्हणजे महागडी चपटी नळी खाली आणि वर आख्खा दरवाजा. त्यापेक्षा जिचं हँडल आपण होऊन दोन बोटं वर येतं, अशी सायकल बरी. तिच्यावर तासभर तरी वाकून राहता येतं. दुकानातला मुलगा एन्ड्युरन्स सायकल ज्या हळू आवाजात दाखवतो, तो आवाज माझ्या मते चुकीचा आहे. माझ्यासारख्यांसाठी सपाटीवरची वेगवान सायकल तीच.

पण घाटाचा खरा निकाल लागतो मागच्या चाकाशी, आणि त्याबद्दल दुकानात कुणी चकार शब्द काढत नाही, कारण तिथे दाखवण्यासारखं काही नसतं. चकत्या असतात, त्यांना दाते असतात. दाते मोजायचे, बस्स. या किमतीच्या बहुतेक सायकलींना पुढे दोन चकत्या असतात, ५० दात्यांची आणि ३४ची. पन्नासची सपाटीसाठी, तिचं माझं फारसं काही बिनसलेलं नाही. चढावर चेन येते चौतिसावर, आणि मग मागची सगळ्यांत मोठी चकती किती दात्यांची आहे, यावर तुमचा परमेश्वर ठरतो. मागेही ३४ असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, म्हणजे साधारण दोन मीटर दहा सेंटिमीटर. मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी साडेसात किलोमीटर; रमतगमत, कुरकुरत, पण माणूस पोहोचतो. मागची २८ असेल तर तेवढ्याच वेगाला फेरे पन्नासच्याही खाली येतात आणि प्रत्येक फेरा गुडघ्यातून काढावा लागतो. रविवारी नाक्यावर चहा घेणाऱ्या आमच्या मंडळीत हा विषय मी मांडला, तेव्हा अठ्ठावीसच्या बाजूने एकच सद्गृहस्थ बोलले. ते अस्थिरोगतज्ज्ञ आहेत.

गिअरची ही लाज जुनी आहे. 'तूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं ठाम मत होतं, की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. तरण्याबांड खेळाडूने स्नायूंच्या जोरावर डोंगर चढावा. चालता चालता चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकणारी गिअरची यंत्रणा त्या शर्यतीत १९३७ पर्यंत चालत नसे. त्याआधी चढ आला की खेळाडू खाली उतरत, मागचं चाक काढून उलटं बसवत, कारण दुसऱ्या बाजूला मोठी चकती असे, आणि पुन्हा निघत. १९१० साली देग्रांजच्या मंडळींनी खेळाडूंना पहिल्यांदा पिरेनीज पर्वतात घातलं. ओक्ताव लापीझ हा त्यातला आघाडीचा गडी काही चढ सायकल ढकलत चालत गेला आणि वाटेत भेटलेल्या आयोजकांना त्याने तोंडावर खुनी म्हटलं. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली. आयोजकांना शिव्या देणं आणि सायकल हातात धरून चालणं, या दोन्ही गोष्टी विजेत्याला शोभतात, हे मी तेव्हापासून धरून चाललो आहे. आणि पंचेचाळिशी उलटून मला काही वर्षं झाल्याने देग्रांज साहेबांचं मत मी परवानगी म्हणून वाचतो.

गिअरच्या संचांचीही उतरंड आहे. शिमानोचे क्लॅरिस, सोरा, टियाग्रा हे चढत्या किमतीचे, मागे अनुक्रमे आठ, नऊ, दहा चकत्या. पुढे नावं संपली असावीत, कारण त्यांच्या वरच्याला नुसतंच '१०५' म्हणतात. त्याला अकरा, आणि नव्याला बारा. भाचा म्हणाला, "मामा, १०५च्या खाली बघूच नकोस." मी बघितलं. चकत्या वाढल्या की दोन गिअरांमधलं अंतर कमी होतं, पाय गिअर बदलताना अडखळत नाहीत. सपाटीवर वाऱ्यात याचं सुख आहे, नाही असं नाही. पण सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर माणूस शेवटच्याच गिअरमध्ये असतो आणि त्याही पलीकडे एखादा सापडतो का, म्हणून खटका दाबून बघत असतो. तिथे अठ्ठावीस दात्यांच्या १०५पेक्षा चौतीस दात्यांचा सोरा भला.

टायरवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, आणि पुण्यात असं झालं की आधी संशय घ्यावा. मी घेतला. पूर्वी रोड बाइकला २३ मिलिमीटरचे टायर असत, दगडासारखे फुगवलेले. त्यांच्यावरून गेलं की रस्त्याचं कंत्राट कुणी घेतलं होतं ते मणक्याला कळे. आता २८, ३२ मिलिमीटर. हवा थोडी कमी ठेवली की खडबडीत रस्त्यावर सायकल उड्या मारत नाही, आणि उड्यांत वाया जाणारी ताकद पुढे जायला मिळते. म्हणजे जाड टायर आरामशीर आणि वेगवानही. खड्डा, गतिरोधक, गतिरोधकाला लागून खड्डा आणि त्यात पेव्हर ब्लॉक, अशा क्रमाने जाणाऱ्या शहरात हे ऐकून मला गहिवरून आलं. फ्रेममध्ये ३२चा टायर मावतो का, एवढं विचारून घ्यावं. डिस्क ब्रेकचं वजन ऐकून भाचा हळहळला. पावसाळ्यात गड उतरताना समोर अचानक पर्यटकांची गाडी वळण घेते, तेव्हा वजन हा विषय कुणाच्या मनात नसतो.

शेवटी प्रस्ताव असा गेला: अ‍ॅल्युमिनियमची एन्ड्युरन्स फ्रेम, पुढचा काटा कार्बनचा, डिस्क ब्रेक, २८चे टायर, मागे चौतीस दाते. बायकोने सगळं वाचलं. 'काटा कार्बनचा' याखाली रेघ मारून कारण विचारलं. हाताला धक्के कमी बसतात, असं सांगितल्यावर मंजुरी मिळाली आणि ती स्वतः दुकानात आली. तारण बघायची तिची जुनी सवय आहे.

मुलाने सायकल बाहेर आणली. ती सायकलभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालून थांबली.

"घंटी?"

"वेगळी घ्यावी लागते, मॅडम."

"स्टँड?"

"या सायकलींना स्टँड नसतो. भिंतीला टेकवायची."

"मडगार्ड? दिवा?" ती खाली वाकली. मग आणखी खाली. "अहो, हिला पायडल कुठे आहेत?"

मुलगा कसनुसा हसला. "पायडल कंपनी देत नाही, मॅडम. प्रत्येकाची आवड वेगळी असते ना. कुणाला बूट अडकवायचे लागतात, कुणाला साधे."

दुकानात थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मी ही गोष्ट घरी सांगितली नव्हती. अर्जात तसा रकानाच नव्हता.

"लाखाच्या वस्तूत," ती सावकाश म्हणाली, "जिथे पाय ठेवायचा तेवढंच नाही."

मुलाने लगबगीने दोन जोड आणून काउंटरवर ठेवले. एक अडकवायचा, चार हजारांचा, बूट त्याशिवाय. दुसरा काळा, प्लास्टिकचा, साधा. तिने साधा उचलला, उलटा करून किंमत बघितली आणि पर्स उघडली. मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढ्या चांगल्या सायकलला हे शोभणार नाहीत."

"हे शोभतील," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ह्यांना."

साडेतीनशे रुपये तिने रोख मोजून दिले. पावती हातात आल्यावर ती परत केली आणि 'सायकल, नग एक' यापुढे त्याच्याच पेनाने लिहून घेतलं: 'पायडलसह'. शिक्काही मारायला लावला.