दारावरचं स्टिकर

अमेरिकेतल्या जाहिरातींत पिकअप ट्रक एकटा फारसा दिसत नाही. मागे काहीतरी अवाढव्य ओढत तो घाट चढत असतो. ओढण्याची क्षमता किती हजार पौंड, हे गिऱ्हाइकाला तोंडपाठ. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं स्टिकर मात्र कोण वाचतो? माणसं आणि सामान मिळून ट्रक स्वतः किती पेलेल, ते तिथे लिहिलेलं असतं. समजा १५०० पौंड. आता ७००० पौंडांचा ट्रेलर जोडा. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, आणि तिथून थेट ट्रकच्या पाठीवर येतो. उरलेल्यात नवरा-बायको, मुलं, कुत्रा, बर्फाची पेटी आणि ‘काही होत नाही हो’ हा आत्मविश्वास, ज्याचं वजन कुठल्याच काट्यावर दिसत नाही.

हिचवरचा भार हलका करायला हुशार मंडळी सगळं सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला रचतात. मग हायवेवर ट्रेलर झुलू लागतो आणि ट्रकलाही झुलवतो. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबू नये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ट्रेलरचा ब्रेक हाताने लावावा, असं ट्रकच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या वेष्टनासकट सुरक्षित असते.