मुंबई दाखवणारे काका

मे महिना लागला की हापूसच्या पेट्या आणि पाहुणे एकदमच मुंबईकडे निघतात. पेट्या उतरवून घ्यायला वाशीचा बाजार आहे. पाहुणे उतरवून घ्यायला प्रत्येक घराण्यानं एकेक काका नेमून ठेवलेले असतात. नात्यानं ते मामा असोत की आत्याचे यजमान, हुद्दा एकच: मुंबई दाखवणारे काका.

या काकांची पहिली खूण म्हणजे ते मुंबईत राहत नाहीत. ते राहतात डोंबिवलीला, बदलापूरला, नाहीतर विरारला. मलबार हिलवर राहणाऱ्या माणसानं कुणाला हँगिंग गार्डन हिंडवून आणल्याचं ऐकिवात नाही. आमचे काका डोंबिवलीचे. फोर्टातल्या एका कचेरीत त्यांची हयात गेली. सकाळची ठरलेली फास्ट, संध्याकाळची ठरलेली फास्ट आणि अध्येमध्ये नोकरी. त्यात मुंबई बघायला वेळ कधी मिळाला हा प्रश्न अलाहिदा. पण कोणत्या डब्यातून उतरलं की जिना समोर येतो, कोणत्या भुयारी मार्गाच्या कोणत्या तोंडाशी वारा लागतो आणि स्वच्छ मुतारी कुठं आहे, याची माहिती काकांइतकी कुणाकडे नसेल.

या खेपेला पाहुणे अकोल्याचे होते. काकांचा मावसभाऊ, त्याची बायको, दोन मुलं आणि खुद्द काकांची मावशी, म्हणजे मुलांची आजी. विदर्भ एक्सप्रेसनं शनिवारी पहाटे कल्याणला उतरले, ते कुरडयांचा डबा आणि उन्हाचा अभिमान घेऊनच. "आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकला, दादा. तुमचे हे चौतीस म्हणजे आमचा फेब्रुवारी!" काका नुसतेच हसले. हे वाक्य त्यांनी नागपूरकरांकडून, जळगावकरांकडून, परभणीकरांकडून ऐकलेलं होतं आणि ते कोणत्या ठिकाणी विरतं तेही त्यांना माहीत होतं. साधारण गेटवेपाशी.

दर्शनाचा वार रविवार. रस्ते मोकळे असतात हे कारण, आणि मेगाब्लॉक हा अडथळा. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर काकांनी सगळ्यांना समोर बसवून सूचना दिल्या. ब्लॉक सुरू व्हायच्या आत आपण फोर्टात असलं पाहिजे. गाडी थांबल्याशिवाय उतरायचं नाही आणि थांबल्यावर विचार करत बसायचं नाही. ठाण्याला दारात उभं राहायचं नाही. कुणी चुकलाच तर जागचं हलायचं नाही, काका येतील. आजी सगळं ऐकून म्हणाली, "बापू, आपण मुंबई पाह्यलेच चाललो ना?" काकूंनी इकडे पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये आडव्या घातल्या. या बाटल्यांचं एक शास्त्र आहे. सकाळी तहान लागते तेव्हा आत बर्फाचा सोटा असतो आणि झाकण उघडून वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही. बर्फ वितळेपर्यंत बाटलीभोवतीचा नॅपकिन, पिशवी आणि पिशवीतल्या पुऱ्या भिजतात. बारा वाजता पाणी पिण्याजोगं होतं, साडेबाराला कोमट. नेमकं त्या अर्ध्या तासात कुणालाच तहान नसते.

मी पुतण्या. या वारीत माझं पद 'शेपूट', म्हणजे सर्वांत मागं राहून डोकी मोजणं.

लोकलमध्ये खिडकी मिळाली म्हणून मुलं खूश. काकांनी मात्र सुरुवात केली ती दिसत नसलेल्या गोष्टीपासून. "पूर्वी इथं पारसिकचा बोगदा लागायचा. आत शिरलं की गार वारा! आता फास्ट लोकल तिकडून जात नाही." मुलांनी बोगदा शोधायला माना वळवल्या, दिसली मुंब्र्याची खाडी. पुढं दिवसभर हेच चाललं. काकांची निम्मी मुंबई 'होती'मध्ये असते आणि उरलेली 'रात्री बघा', 'पावसाळ्यात बघा' यांत. म्युझियमपाशी ट्रामची आठवण निघाली. ती १९६४ साली बंद झाली, म्हणजे काका तेव्हा पाळण्यात, तरी तिची घंटा त्यांनी तोंडानं वाजवून दाखवली. डबलडेकरची पाळी आली तेव्हा तर समोर खरी डबलडेकर उभी होती. नवी, विजेवरची, एसी. "ही नव्हे," काका म्हणाले. "ती जुनी तेवीसच्या सप्टेंबरात गेली. वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत बसायचं, पैसे खरे वसूल!" पाहुण्यांनी काकांच्या तोंडची जुनी बस ऐकत ऐकत नवीत शिरून घेतलं. एसीची झुळूक लागताच आजीनं डोळे मिटले, आणि अख्ख्या सकाळीत मुंबईबद्दलचं तिचं पहिलं अनुकूल मत तिथं नोंदवलं गेलं: "हे बरं हाय बाप्पा."

पण मी पुढं गेलो. आधी सीएसएमटी. काकांनी सगळ्यांना रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर नेलं, कारण या इमारतीत ते रोज उतरत आले असले तरी ती दिसते पलीकडून. स्टीव्हन्स नावाच्या इंग्रजानं बांधली, दहा वर्षं लागली, १८८८ मध्ये पुरी झाली, आता युनेस्कोच्या यादीत आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. इथवर काका पाठ म्हणाल्यासारखे बोलले आणि घड्याळ बघून म्हणाले, "चला." आजी मात्र चप्पल काढून घुमटाला हात जोडून उभी. मी म्हटलं, आजी, स्टेशन आहे. म्हणाली, असू दे. शेजारच्या जीपीओचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवरचा; त्यालाही नमस्कार झाला. म्युझियमचा घुमट दिसला तेव्हा तिनं चप्पल आधीच काढली होती. काकांनी म्युझियम बाहेरूनच उरकलं. "आत गेलं की दिवस जातो," हे त्यांचं ठाम मत. त्यांचा दिवस तिथं कधी गेला असावा असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं नाही.

या दोन घुमटांच्या मध्ये एक मुक्काम झाला, जो मुंबई दर्शनाच्या कुठल्याही पत्रकात सापडायचा नाही. काका मुख्य रस्ता सोडून एका गल्लीत शिरले. चाल मंदावली. एका काळपटलेल्या दगडी इमारतीसमोर थांबून त्यांनी बोट वर केलं. "तिसरा मजला. डावीकडून चौथी खिडकी. बाहेर तो गंजका डबा दिसतोय ना एसीचा, तो मी गेल्यावर बसवला. आमच्या वेळी पंखा होता. त्याच्याखाली माझं टेबल." गेटवेला जेवढा वेळ मिळाला त्याच्या दुप्पट या खिडकीला मिळाला. भेळवाला कुठं बसायचा, साहेब कोणत्या दारानं यायचे, २६ जुलैच्या पावसात कोणत्या जिन्यावर रात्र काढली, सगळं तपशीलवार. रविवार, म्हणून फाटक बंद. आतून नवा वॉचमन आला आणि त्यानं विचारलं, "क्या काम है?" काका म्हणाले, "कुछ नहीं, दिखा रहा हूँ." वॉचमननं मान वर करून, या खिडकीत असं काय दिसण्यासारखं आहे म्हणून स्वतःही एकदा पाहून घेतलं. इमारतीला घुमट नव्हता, तरी आजीनं हात जोडले. "याच बिल्डिंगनं तुले पोसलं म्हण ना बापू." काका एकदम रुमाल काढून घाम पुसायला लागले. घाम होताच म्हणा.

घाम! अकोल्याचा फेब्रुवारी गेटवेपाशी ठरल्याप्रमाणे संपला. अकोल्यात ऊन भाजून काढतं, पण घाम अंगावरच्या अंगावर सुकतो. इथं हवाच दमट. ऑफिसच्या वेळच्या लोकलसारखी ती आधीच भरलेली, घामाला आत शिरायला जागा नाही. तो कपाळावरून नाकावर आणि नाकावरून शर्टात उतरतो. मावसभावाचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटून आतल्या बनियनचा ब्रँड वाचता येईल इतका पारदर्शक झाला होता. "ऊन नाही हो हे दादा, वाफ हाय," तो म्हणाला. काकांनी विजयाची खूण चेहऱ्यावर उमटू दिली नाही, एवढा मोठेपणा त्यांच्यात आहे.

गेटवेवर काकांची माहिती मात्र पक्की निघाली. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथं उतरले, त्यांच्या स्वागताची ही कमान. पण तेव्हा ती उभीच नव्हती. पायाचा दगड बसला १९१३ मध्ये आणि कमान खुली झाली १९२४ मध्ये. बादशहाला दाखवली ती पुठ्ठ्याची. ऐकून मला काकांबद्दल एकदम आदर वाटला. जे समोर नाही ते दाखवायची या शहराची रीत एवढी जुनी आहे, आणि तेव्हा तर पाहुणा इंग्लंडचा होता! १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून गेली. "बांधलं यायला, कामी आलं जायला," काका म्हणाले. हा विनोद ते दर वर्षी करतात. यंदा धाकटा मुलगा हसला, म्हणून तो त्याला आणखी एकदा ऐकावा लागला.

मरीन ड्राइव्हला पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. संध्याकाळी का नाही, असं वहिनींनी, म्हणजे मावसभावाच्या बायकोनं, विचारलं. "संध्याकाळी गर्दी असते," काका. खरंच, सव्वाबाराला गर्दी नव्हती. कठड्यावर माणूस नव्हता, कारण कठड्यावर पोळी शेकली असती. पलीकडे टेट्रापॉडवर एक कुत्रंही नव्हतं. काकांनी हात फिरवून अख्ख्या किनाऱ्याचं वळण काढलं. "रात्री या सगळ्यावर दिवे लागतात. राणीच्या गळ्यातला हार म्हणतात याला. असा इथून तिथपर्यंत. कल्पना करा." पाचही जणांनी उन्हात डोळे बारीक करून कल्पना केली. पुढं तारापोरवाला मत्स्यालयाशी त्यांनी गती कमी केली. "इथं मासे होते. १९५१ पासून. आता बंद." धाकट्यानं विचारलं, मग मासे कुठं गेले? काका क्षणभर गप्प झाले. पाहुण्यांना पाठ असलेल्या प्रश्नांत हा नव्हता.

चौपाटीला वाळू तापलेली. लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी आजीचा नमस्कार, दिवसातला पहिला योग्य जागी. टिळकांचे अंत्यसंस्कार १९२० साली इथंच झाले, हे काकांनी हलक्या आवाजात सांगितलं. गोळेवाला नुकताच बर्फाचं पोतं सोडत होता. वहिनींनी इथं प्रथमच काकांचं न ऐकता सगळ्यांना कालाखट्टा घेतला. काका "घसा, घसा" म्हणत राहिले आणि आजीनं जांभळी जीभ काढून त्यांना दाखवली. कोपऱ्यावर ताडगोळे मिळाले. अकोल्याच्या मुलांनी ते प्रथमच पाहिले. तपकिरी साल नखानं सोलायची, आतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत जातं, आणि तोंडात राहतो तो पारदर्शक, गारसर गोळा. मोठा म्हणाला, याला चव नाही. मग त्यानं आणखी चार खाल्ले.

डबा उघडला हँगिंग गार्डनमध्ये. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीचा तक्कू; पुऱ्यांच्या एका बाजूला बाटलीचं पाणी लागलेलं. बाटल्या तोवर रिकाम्या. आणि नेमक्या त्याच वेळी काका म्हणाले, "ही बाग साधी नाही. खाली पाण्याची टाकी आहे. मुंबईला जातं ते पाणी आपण बसलोय त्याच्या खाली." मावसभावानं एकदा हिरवळीकडे, एकदा रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. त्याच्या सोशिकपणाला माझा सलाम. रस्त्यापलीकडचा म्हातारीचा बूट मुलांना आवडला. आजीची शंका वेगळी होती: एवढ्या मोठ्या म्हातारीले एकच बूट कसा?

भायखळा परतीच्या वाटेवर म्हणून राणीची बाग शेवटी. तिथं रविवारी माणसं मोजायची तर जनगणनेचं खातं लागेल. शेपूट म्हणून माझी कसोटी तिथंच लागली. पेंग्विनच्या दालनात सगळे शिरलो आणि काचेपाशी थांबलो. पलीकडे हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे, सोलहून २०१६ मध्ये आणलेले. पोहत होते, मध्येच काठावर येऊन आमच्याकडे बघत होते. "पुढं चला, पुढं चला," रखवालदार शिट्टी फुंकत होता. कुणी हलेना. काच धरून उभ्या असलेल्या त्या गर्दीत पेंग्विनसाठी किती आणि गारव्यासाठी किती, हे देव जाणे. आजी तर पेंग्विनकडे पाठ करून हवेच्या झोताकडे तोंड करून उभी होती. मावसभाऊ बराच वेळ काचेतून पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, पाहुणा व्हावं तर असं."

परतीच्या लोकलमध्ये पाचही जण बसल्या जागी झोपले, त्यातले दोघं काकांच्या खांद्यांवर. काका ताठ बसून होते. ठाणं गेल्यावर त्यांनी हळूच मला विचारलं, "उद्या काय दाखवावं?" तेवढ्यानं आजी जागी झाली. मी म्हटलं, उद्या सोमवार. घारापुरीची लेणी बंद, तारांगण बंद. आजीचा चेहरा उजळला. "मंग घरीच राहू बापू. पंखा लावून."

"बंद असलं म्हणून काय झालं, मावशी?" काका म्हणाले. "बाहेरून दाखवतो."